शिकण्याच्या वेळेचे पैसे



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे घर कीर्तनाचे. उत्सव जवळ आला की ते वर्गणीची वही काखेत मारून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत जात. कीर्तनकारांची बिदागी, पेटी-तबल्याचे मानधन, मांडव, प्रसाद असा सगळा हिशेब पैशापर्यंत लिहून ते देवळाच्या भिंतीवर लावत. म्हणून आज या व्यासपीठावरून पैशांविषयी बोलण्याचा मला मुळीच संकोच वाटत नाही. लोककलेवर आपण भरभरून बोलतो, डोळ्यांत पाणीही येते. जमाखर्चाचा विषय निघाला की मात्र सगळे गप्प. ही गप्प बसण्याची सवय आपल्या कलांना महाग पडली आहे.

कीर्तनाचेच पाहा. दर डिसेंबरात ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी सकाळी शहनाई वाजते, मग हरिकथा होते आणि तिच्यामागून मिलाद. १९२४ साली सुरू झालेल्या या तानसेन समारोहाचे शंभरावे पर्व २०२४ च्या डिसेंबरात पार पडले. हरिकथेचा मान ढोलीबुवांच्या नाथपंथी गादीचा. लष्करातल्या पुलालासुद्धा लोक ढोलीबुवांच्या नावाने ओळखतात, इतकी ती गादी या शहरात मुरलेली आहे. उभे राहून, झांज हातात घेऊन, देवाची गोष्ट सांगता सांगता सुफी संतांची गोष्ट सांगणारे आणि समोर बसलेल्या दोन्ही धर्मांच्या माणसांना एकत्र डोलायला लावणारे हे कीर्तन ग्वाल्हेरचे आहे. ते महाराष्ट्रातून आले हे खरे, पण इथे येऊन त्याने इथली हिंदी आपलीशी केली आणि इथल्या गाण्याचा वास अंगाला लावून घेतला.

माझा प्रश्न साधा आहे. आणखी पंचवीस वर्षांनी या शहरात हरिदासी कीर्तन करणारी दहा माणसे असावीत, असे आपल्याला वाटत असेल तर त्यासाठी आज कोण शिकते आहे, आणि त्याच्या शिकण्याच्या वेळेचे पैसे कोण देते आहे?

ग्वाल्हेरकरांना आश्रय म्हणजे काय हे सांगायला नको. हद्दूखाँ-हस्सूखाँ हे ख्यालगायक बंधू शिंद्यांच्या पदरी होते. हस्सूखाँकडे वासुदेवबुवा जोशी शिकले, वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, आणि बाळकृष्णबुवांबरोबर ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात उतरला. या साखळीचा आपण अभिमान बाळगतो. ती कशावर उभी होती, याचा विचार मात्र कमी करतो. दरबाराचा तनखा गवयाला मैफलीगणिक मिळत नसे, तो बारमाही मिळे. पावसाळ्यात कुणी ऐकायला आले नाही तरी चूल पेटत होती, म्हणून रियाज चालू राहत होता आणि दारात आलेल्या शिष्याला ‘बस’ म्हणता येत होते.

माधवराव शिंद्यांच्या काळात हीच गोष्ट नव्या रूपात झाली. भातखंडे यांनी संगीतशिक्षणाची नवी पद्धत मांडली, तेव्हा दरबाराने इथले काही गवई मुंबईला त्यांच्याकडे शिकायला पाठवले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. ते परत आले आणि १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उभे राहिले. त्याआधी १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी आपल्या वडिलांच्या नावाने गांधर्व विद्यालय काढले होते. विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण गवई स्वतःच्या हिमतीवर शाळा काढतो, ही या शहराच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. या दोन्ही उदाहरणांत पैसा आणि कष्ट खर्च झाले ते शिकणाऱ्यांवर. जलसा नंतर झाला.

आता दरबार नाही. त्या जागी सरकारी योजना आहेत, अकादम्या आहेत, प्रतिष्ठाने आहेत, कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. यांच्याकडून तनखा आपसूक येत नाही, अर्ज करावा लागतो. आणि आपल्याकडचे बहुतेक अर्ज महोत्सवासाठी असतात. तीन दिवसांचा लोककला महोत्सव, उद्घाटन, समारोप, स्मरणिका. मंजूर झालेल्या पैशांतला मोठा वाटा मांडव, ध्वनिव्यवस्था, प्रवास आणि निवासावर जातो. कलावंताला दोन दिवसांची बिदागी मिळते आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा होता तिथेच असतो. महोत्सव नकोत असे मी म्हणत नाही. कलेला श्रोता लागतोच. पण महोत्सव हे पीक काढणे आहे. पेरणीसाठी आपण कुणाकडे काही मागतच नाही.

मागण्यासारखे काही नाही म्हणून मागत नाही, असेही नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत गुरु-शिष्य परंपरेसाठी अनुदान आहे. त्यात गुरूला दरमहा १५,००० रुपये आणि प्रौढ शिष्याला दरमहा १०,००० रुपये धरलेले आहेत. एक गुरू आणि चार प्रौढ शिष्य यांचा वर्षाचा हिशेब मांडा. गुरूचे १,८०,०००, शिष्यांचे ४,८०,०००, एकूण ६,६०,००० रुपये. त्याच मंत्रालयाच्या कार्यक्रम आणि निर्मिती अनुदानात एका प्रकल्पाला साधारणपणे ५ लाखांपर्यंत साहाय्य मिळते. एका महोत्सवाच्या पैशांत थोडी भर घातली की चार माणसांचे शिकण्याचे अख्खे वर्ष उभे राहते. हा हिशेब समोर असताना आपण पुन्हा मांडवाचाच अर्ज का करावा?

शिवाय १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तिच्यात लोककला आणि पारंपरिक कला येतात. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे. घरात परंपरेने कला चालत आलेल्या मुलांसाठी तिच्यात वेगळ्या जागा राखलेल्या आहेत. रक्कम लहान, वर्षाला ३,६०० रुपये आणि वर शिकवणीच्या फीचा काही भाग. पण कीर्तनकाराच्या नातवाला दहाव्या वर्षी दिल्लीहून पत्र येते, तेव्हा त्या घरात आजोबांच्या कलेकडे बघण्याची नजर बदलते. अभ्यासकांसाठी दोन वर्षांच्या अधिछात्रवृत्ती आहेत, ज्येष्ठांना दरमहा २०,००० आणि कनिष्ठांना १०,०००. साठी ओलांडलेल्या, वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असलेल्या कलावंतांसाठी दरमहा ६,००० रुपयांचे साहाय्य आहे. संगीत नाटक अकादमीकडे अमूर्त वारशाच्या जतनाची योजना आहे. या रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची मूळ सूचना स्वतः वाचावी. कुणीतरी सांगितले म्हणून भरू नये.

ग्वाल्हेरच्या मराठी कलावंताची एक खास अडचण आहे, तिच्यावर थोडे थांबतो. महाराष्ट्र शासन ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन देते, २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये. तमाशाच्या फडांना, दशावतारी मंडळ्यांना तिथे वेगळे अनुदान आहे. पण ते महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी. इकडे मध्य प्रदेशात लोककला म्हटले की बुंदेली, माळवी, निमाडी, बघेली अशी यादी डोळ्यांसमोर येते. त्या कलांचा हक्क मोठाच आहे, त्यांच्या ताटातले काढून आम्हाला द्या असे कुणी म्हणू नये. पण सव्वादोनशे-अडीचशे वर्षे या मातीत राहिलेले हरिदासी कीर्तन या यादीत सहज दिसत नाही. महाराष्ट्रासाठी आपण परप्रांतीय आणि मध्य प्रदेशासाठी परभाषक. अर्जात याची तक्रार करून काही मिळत नाही. पण अर्जातच याचे उत्तर देता येते, ते असे. भोपाळला संस्कृती परिषदेअंतर्गत मराठी साहित्य अकादमी आहे. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांसाठी आहे. दोन राज्यांच्या सीमेवर जगणारी कला त्याच्या दारात परकी ठरत नाही, उलट तीच तिथे सर्वांत शोभते. अर्जात ‘महाराष्ट्राची कला ग्वाल्हेरात टिकवायची आहे’ असे लिहिले की आपण आपला दावा स्वतःच अर्धा करतो. ‘ग्वाल्हेरची हरिकथा’ असे लिहावे, आणि ती ग्वाल्हेरची कशी झाली हे दाखवावे. तानसेन समारोहातली सकाळ हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

दुसरी अडचण रकान्याची. शास्त्रीय, उपशास्त्रीय, लोक, जनजातीय, पारंपरिक असे रकाने असतात आणि कीर्तन त्यांतल्या कशातच पुरते बसत नाही. पूर्वरंगातले पद भीमपलासात असते, निरूपण संस्कृत सुभाषितांनी भरलेले असते, आख्यानात मोरोपंतांच्या आर्या येतात आणि त्याच आख्यानात लोकांच्या बोलीतला विनोद येतो. एका निवड समितीत बसलो असताना मी पाहिले आहे की कीर्तनाचा एक अर्ज संगीताकडून नाट्याकडे, नाट्याकडून साहित्याकडे फिरत राहिला आणि शेवटी बाजूला पडला. माझे मत असे की ‘पारंपरिक’ वा ‘लोक’ यांपैकी जो रकाना असेल तो निःशंक भरावा, आणि पहिल्याच परिच्छेदात कीर्तन प्रत्यक्षात कसे घडते ते लिहावे. वाचणारा मणिपूरचा असू शकतो, केरळचा असू शकतो. त्याने कीर्तन कधी पाहिलेले नसते.

इथे जरा खोलात जातो, कारण बहुतेक अर्ज इथेच पडतात. आपण लिहितो, ‘कीर्तन ही आपली प्राचीन, गौरवशाली परंपरा असून आधुनिकतेच्या रेट्यात ती लोप पावत चालली आहे, तिचे जतन व संवर्धन करणे काळाची गरज आहे.’ या वाक्यातून कीर्तन काढून तिथे भारूड, कळसूत्री बाहुल्या किंवा पितळेची भांडी घातली तरी ते तसेच चालते. म्हणजे त्या वाक्यात कीर्तन नव्हतेच. समितीपुढे अशी वाक्ये एका बैठकीत शेकड्यांनी येतात.

त्याऐवजी असे लिहून पाहा. ‘कीर्तनकार एकटा उभा राहतो. मागे पेटी, तबला आणि झांजा. पहिला भाग पूर्वरंग: एक अभंग घेऊन त्याचा अर्थ उलगडायचा. मग नामाचा गजर, तेवढ्यात कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. मग उत्तररंग: एक कथा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गद्य आणि गाणे यांच्या आलटापालटीने. कथेत ओवी, आर्या, साकी, दिंडी, कटाव अशी निरनिराळी वृत्ते येतात आणि प्रत्येकाची चाल ठरलेली असते. या चालींपैकी बऱ्याचशा छापील पुस्तकात नाहीत. त्या गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जातात. आमच्या शहरात साकी आणि कटाव स्वतः उभे राहून म्हणू शकणारी अमुक माणसे आहेत. त्यांपैकी अमुक जण साठीच्या पुढचे आहेत. आम्हाला त्यांच्याजवळ चार शिष्यांना एक वर्ष बसवायचे आहे.’

पहिल्या मजकुरात गौरव आहे. दुसऱ्या मजकुरात काम दिसते, ते करणारी माणसे दिसतात, आणि काय हातचे जाणार आहे तेही दिसते. ‘अमुक’च्या जागी खरा आकडा घालण्यासाठी तुम्हाला घरोघरी जाऊन विचारावे लागेल. तेच तर अर्जाचे पहिले काम आहे. पैसे मिळाले नाहीत तरी त्या फिरण्यातून शहराच्या कीर्तनाची नोंद तयार होते, आणि ती नोंद दुसऱ्या कुणाकडे नसते.

एका घरी मी कीर्तनाचे बाड पाहिले. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली वही. आख्यान काळ्या शाईने आणि रागांची नावे तांबड्या शाईने लिहिलेली. समासात बारीक अक्षरात खुणा. एके ठिकाणी ‘येथे तबला बंद’, पुढे ‘टाळी घेणे’, एका आर्येशेजारी जुनी चाल खोडून वर नवी लिहिलेली. पानाच्या तळाशी गावांची नावे आणि तिथ्या, म्हणजे हे आख्यान कुठे कुठे लावले त्याचा हिशेब. तीन पिढ्यांची अक्षरे त्या एका वहीत होती. त्या घरातली मुले आता दुसऱ्या शहरांत नोकऱ्या करतात आणि ती वही कपाटात, दिवाळीच्या जुन्या आकाशकंदिलाखाली ठेवलेली आहे. अशी बाडे या शहरात आणखी किती घरांत आहेत, हे आपण विचारलेले नाही. दोन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीसाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. इथल्या संगीत विद्यापीठातल्या किंवा मराठीच्या एखाद्या अभ्यासकाने तो घ्यावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

आता अंदाजपत्रक. शिष्य वर्षभरात काय शिकणार हे ठरवल्याशिवाय पैशांचा तक्ता मांडता येत नाही. पहिले तीन महिने उभे राहणे, झांज धरणे, नमनाची पदे आणि एका अभंगाचे निरूपण. निरूपण पाठ करायचे नसते, रचायचे असते, आणि त्याला वेळ लागतो. पुढे साकी-दिंडीच्या चाली. मग पहिले आख्यान. बोलता बोलता गाण्यात शिरायचे असते तेव्हा पेटीवाल्याला कळावे म्हणून कीर्तनकार वाक्याचा शेवट कसा ओढतो, हे साथीदार समोर असल्याशिवाय शिकता येत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस पेटी आणि तबल्याच्या साथीचे मानधन तक्त्यात आलेच पाहिजे. साथीदाराला विसरणारे अंदाजपत्रक कीर्तन न कळलेल्या माणसाने केलेले असते. शिष्य दुकानात काम करत असेल, शिकवण्या घेत असेल, तर त्याचा बुडालेला रोजगार विद्यावेतनात धरावा. मुली शिकणार असतील, आणि त्या शिकाव्यातच, तर रात्री घरी सोडण्याची सोय धरावी. शेवटच्या चार महिन्यांत दर महिन्याला एका शिष्याचे कीर्तन एखाद्या देवळात किंवा वाचनालयात. त्यासाठी सतरंज्या आणि एक ध्वनिक्षेपक पुरे.

आधी शिकण्यावर भर देण्याच्या बाबतीत सावंतवाडीचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. तिथले गंजिफाचे रंगवलेले पत्ते आणि लाखकाम जवळजवळ संपले होते. राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडे स्वतः शिकायला बसल्या, वाड्यात कारागिरांना बसवले, आणि ती कला उठली. शेजारी पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी आधी बसणे, शिकणे, जपणे झाले. आपल्याकडेही लग्नघराच्या भिंती रंगवणाऱ्या चितेऱ्यांची कला अलीकडे शहरातल्या सार्वजनिक भिंतींवर आली आहे. आनंदच आहे. पण एक भिंत रंगवण्याचे पैसे चितेऱ्याला एकदाच मिळतात. त्याच्या शेजारी ब्रश धरून बसणाऱ्या मुलाला काही मिळते का, हे पाहायला हवे.

ग्वाल्हेरला ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात ‘संगीताचे शहर’ म्हणून स्थान मिळाले. तेव्हापासून आता पैशांचा ओघ सुरू होईल, असे अनेकांकडून ऐकतो. त्या सदस्यत्वाबरोबर निधी येत नाही. मिळते ते नाव आणि ओळख. अर्जाच्या पहिल्या पानावर ते नाव जरूर लिहावे, पण पुढचे काम आपल्यालाच करायचे आहे.

अर्ज कुणी करायचा, हा यानंतरचा अवघड प्रश्न. बहुतेक अनुदानांना नोंदणीकृत संस्था लागते, काही वर्षांचे काम लागते, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद लागतात, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरची नोंद लागते. एकटा कीर्तनकार हे कुठून आणणार? कलावंताने नवी संस्था काढावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. आयुष्यभर गाणाऱ्या माणसाला अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि वार्षिक विवरणपत्रांच्या मागे लावणे म्हणजे त्याचा गाण्याचा वेळ खाणे आहे. या शहरात मराठी मंडळे आहेत, देवस्थानांचे न्यास आहेत, वाचनालये आहेत. त्यांचे ताळेबंद तयार असतात. त्यांनी आपली नोंदणी कलावंतांच्या पाठीशी उभी करावी. अर्ज संस्थेच्या नावाने जाईल, पण गुरू कोण, शिष्य कोण, कोणाला किती, हे लेखी करारात आधीच ठरलेले असेल आणि मानधन थेट कलावंताच्या खात्यात जमा होईल. संस्थेने वर्गणी गोळा करणे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. हिशेबाची तीच सचोटी इथे लागते.

कंपन्यांचा निधीही विसरू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकलांचे संवर्धन स्पष्टपणे नमूद आहे. मालनपूर आणि बानमोर या औद्योगिक वसाहती आपल्या दाराशी आहेत. शाळा आणि आरोग्य यांच्या पलीकडे त्यांच्यापुढे प्रस्ताव जात नाहीत, कारण आपण नेत नाही.

भाषेविषयी. अनेक कलावंत केवळ इंग्रजीच्या धास्तीने अर्ज करत नाहीत. बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे १९९३ साली स्थापन झालेले प्रतिष्ठान कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव स्वीकारते. तिथे मराठीत लिहिता येते. केंद्राच्या योजनांत हिंदी चालते, आणि ग्वाल्हेरच्या माणसाला हिंदीची काय भीती? मसुदा आधी आपल्या भाषेत, गुरूला वाचून दाखवता येईल असा करावा. गुरूने ऐकून ‘हे असे नाही, तसे आहे’ म्हटले की मगच तो पुढे न्यावा. बाहेरच्या सल्लागाराकडून टक्केवारीवर लिहून घेतलेले अर्ज मी वाचले आहेत. त्यांत कलावंताचा आवाज कुठेच नसतो, आणि पैसे आल्यावर कलावंताला आपण नेमके कशाला होकार दिला हेच माहीत नसते.

पैसे मिळाल्यानंतरचे काम कंटाळवाणे असते, पण ते वेळेवर करायलाच हवे. उपयोगिता प्रमाणपत्र, पावत्या, लेखापरीक्षकाची सही, कामाचा अहवाल. पुष्कळ योजनांत शेवटचा हप्ता या कागदांवर अडतो आणि पुढच्या वर्षीचा अर्जही. महिन्याच्या महिन्याला हिशेब लिहिला तर काही अवघड नाही.

आणि अर्ज नाकारला गेला तर? इतिहासात जाऊ या. पेशवे ब्राह्मणांना देत ती दक्षिणा इंग्रजी अमलातही चालू होती. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज दिला की या पैशांचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च करावा. सनातन्यांचा कडवा विरोध झाला, तेव्हा जोतीराव फुले माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी आली. १८५५ मध्ये याच कमिटीकडे जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले. त्यात तमाशातल्यासारखा मधे मधे बोलणारा विदूषक होता, गरीब कुणबी नवरा-बायको होते. कमिटीने ते घेतले नाही. ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी त्याची नोंद केली आहे. नाटक छापून आले ते १९७९ मध्ये. हस्तलिखित जपले होते म्हणून छापता आले. ज्या लोकरूपाला त्या समितीने दार बंद केले, ते आज मराठी नाटकाच्या इतिहासात पहिल्या पानांवर आहे. समितीचा नकार म्हणजे कलेचा निकाल नव्हे, हे मला मनापासून सांगायचे आहे. नकाराचे कारण लेखी मागावे, मसुद्याची प्रत सांभाळावी, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावा.

सन्मानांविषयी एकच गोष्ट सांगतो. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले होते आणि २००२ मध्ये त्या हलाखीत गेल्या. पुढे त्यांच्या नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कलावंत जिवंत असताना, शिकवू शकत असताना त्याच्या घरात दरमहा पैसा जायला हवा, यापेक्षा मी वेगळे काही मागत नाही.

तेव्हा या सभागृहातल्या मंडळींपुढे एक प्रस्ताव ठेवतो. येत्या वर्षी ग्वाल्हेरच्या हरिकथेसाठी एक गुरू, चार शिष्य आणि दोन साथीदार यांचा अर्ज तयार करावा. चारांपैकी निदान दोन मुली असाव्यात, आणि एक शिष्य घरी हिंदी बोलणारा असावा. नोंदणीकृत संस्थांपैकी एकीने आज इथेच पुढे यावे. लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर अशा तीन भागांत तरुणांच्या जोड्यांनी फिरून कीर्तन करणारी, केलेली आणि ज्यांच्या घरी बाडे आहेत अशी माणसे नोंदवावीत. प्रत्येकाला विचारायचे प्रश्न मी लिहून आणले आहेत: कोणाकडून शिकलात, किती आख्याने येतात, कोणती वृत्ते चालीसकट म्हणता येतात, शेवटचे कीर्तन कुठे झाले, कुणाला शिकवायला तयार आहात, आठवड्यातून किती वेळ देऊ शकाल. हे कागद दारापाशी ठेवले आहेत, जाताना घेऊन जावेत. ध्वनिमुद्रण आणि पानांची छायाचित्रे नंतर. आधी बाडाच्या मालकाची लेखी संमती, त्याला समजेल अशा भाषेत. त्या चाली आणि ती पाने त्या घराची आहेत; कोण वापरणार, कशासाठी वापरणार आणि त्यातून काही उत्पन्न झाले तर कोणाला किती, हे लिहून घेतल्याशिवाय एकही पान टिपायचे नाही, एवढे आजच ठरवून घेऊ.